कयाक घेण्याआधी पाणी बघा

माझी मासेमारीची पहिली कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची चिंचोळी छोटी होडी, चौदा फुटी होती. दिसायला देखणी, पाण्यात सुतासारखी सरळ जाणारी, आणि वजनाला सीटसकट ४४ किलो. वर्षभरात ती जेमतेम सहा वेळा पाण्यात गेली. दोष पाण्यावरच्या वागण्यात काहीच नव्हता, दोष काठावर होता. गाडी लावायची जागा आणि पाणी यांच्यामध्ये दोनशे पावलांचा खडकाळ उतार होता, आणि पहाटे साडेचारला हात द्यायला कोणी येत नाही. जाताना उतारही असतो आणि उत्साहही. परतताना पाच तास वल्हवून दंड भरून आलेले, पायांना चिखल, आणि समोर तोच चढ. सहाव्या खेपेला अर्ध्या चढावर बोट दगडाला टेकवून बसलो आणि तिथेच ती विकायचं ठरवलं.

आज माझ्याकडे आहे ती साडेदहा फुटी, २७ किलोची. वेगात आणि देखणेपणात पहिलीच्या पासंगालाही पुरत नाही, पण जवळजवळ दर आठवड्याला भिजते. म्हणून या लेखात बोटीची पाळी जरा उशिरा येईल. आधी पाणी, मग वाहतूक, मग स्वतःचं अंग, आणि त्यानंतर बोट. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात.

पहिलं काम: वही घेऊन काठावर जा

ज्या पाण्यावर तुम्ही खरोखर जाणार आहात, तिथे दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी नुसते जाऊन बसा. गळ नेलात तरी चालेल, पण वही विसरू नका. गाडीपासून पाण्यापर्यंत किती पावलं, हे मोजून लिहा. उतरायची जागा वाळूची, चिखलाची की दगडांची? वारा किती वाजता सुटतो आणि कुठून कुठे वाहतो? पाण्यात वेली, शेवाळ किती? पाणी ओसरल्यावर कुठे खडक आणि झाडांचे बुंधे उघडे पडतात? मोठ्या बोटींची ये-जा आहे का? आणि मुख्य म्हणजे, मासा काठापासून किती लांब लागतो? पुष्कळांना कयाक हवी असते ती काठावरून गळ पोचत नाही अशा शंभर मीटरवरच्या जागेसाठी. तेवढ्यासाठी समुद्रात जाणारी बोट कशाला?

तिथे उतरायला परवानगी लागते का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. मासे धरण्याचा परवाना आणि बोट उतरवण्याची परवानगी या बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी असतात. बोटीला मोटर लावली की नोंदणीचे नियमही बदलू शकतात.

वाऱ्यावर जरा थांबू, कारण नवा माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात गंमत वाटते, ३० च्या वाऱ्यात तीच बोट हाताबाहेर जाते. मासेमारीच्या रुंद कयाकवर साधारण प्रकृतीचा माणूस तासन्‌तास टिकवू शकतो तो वेग ताशी चार ते पाच किलोमीटर. समोरून वारा आला की यातला निम्मा वेग सहज जातो. शिवाय वारा मोकळ्या पाण्यावरून जितका लांब धावत येतो तितकी लाट मोठी होते. म्हणून तीनशे मीटरचं तळं आणि सहा किलोमीटर लांब जलाशय यांच्यावर एकच वारा वेगळा वागतो. वहीत हीही लांबी लिहा: वाऱ्याच्या दिशेने उघडं पाणी किती आहे.

समुद्रकाठी राहणाऱ्यांनी शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे पुन्हा आठवावेत. दिवसा समुद्राकडून येणारा खारा वारा तुम्हाला काठाकडे ढकलतो. रात्री आणि पहाटे जमिनीकडून सुटणारा मतलई वारा बाहेर लोटतो. मतलई वाऱ्यात काठाजवळचं पाणी आरशासारखं शांत दिसतं, कारण काठाची आड असते, आणि हीच त्याची लबाडी. बाहेर जाताना आपण फार छान वल्हवतोय असं वाटत राहतं. मागे वळल्यावर कळतं की वल्हवत वारा होता.

तुमचं पाणी काय मागतं

लहान तळं, शांत ओढा, झाडाझुडपांतली चिंचोळी नदी असेल तर नऊ ते साडेदहा फुटांची आखूड बोट घ्या. ती जागच्या जागी वळते, वेलींतून काढता येते. इथे वेगाचा काहीच उपयोग नाही.

मोठा जलाशय किंवा रुंद संथ नदी असेल तर दहा ते बारा फूट. बहुतेकांचं पाणी हेच असतं आणि बाजारातल्या बहुतेक बोटीही याच मापात आहेत, त्यामुळे निवडीला वाव मिळतो.

वाहती नदी जरा वेगळी. तिथे बोटीची दोन्ही टोकं थोडी वर उचललेली असावीत, म्हणजे ती चटकन वळते. तळाला दगड घासणार, म्हणून प्लास्टिक जाड हवं. सुकाणू आणि पायाने चालवायचं पेडल अशा उथळ, दगडी प्रवाहात नुसती अडचण. एक गोष्ट आत्ताच मनात पक्की करा: प्रवाहात नांगर टाकायचा तो पुढच्या किंवा मागच्या टोकाकडून, बाजूने कधीच नाही. बाजूला बांधलेल्या दोरावर प्रवाहाचा ताण आला की बोट आडवी होते आणि ती कड पाण्याखाली ओढली जाते. सावरायला क्षणभरही मिळत नाही.

खाडीत गणित भरती-ओहोटीचं. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा ओढ अंगावर घेऊन परत येणं अनुभवी वल्हेकऱ्यालाही जड जातं, त्यामुळे इथे बोटीइतकंच वेळापत्रकाला महत्त्व आहे. बोट अकरा-बारा फुटी, कमी पाण्यात तरंगणारी असावी. उघड्या समुद्रासाठी बारा ते चौदा फूट किंवा जास्त, लाट चिरणारं पुढचं टोक, सुकाणू, आणि पाणी आपोआप बाहेर जाईल असा डेक, म्हणजे बोटीची वरची बाजू. माझं स्पष्ट मत सांगतो: पहिलं वर्ष बंद पाण्यावर काढल्याशिवाय समुद्राची बोट घेऊच नये.

“मला सगळीकडे जायचंय” म्हणणाऱ्यांना एकच सल्ला. मागच्या दहा फेऱ्या आठवा, त्यातल्या आठ कुठे झाल्या? त्या आठांसाठी बोट घ्या. उरलेल्या दोनदा भाड्याने मिळते.

दुसरं काम: उचलून बघा

माहितीपत्रकावर छापलेलं वजन बहुधा रिकाम्या सांगाड्याचं असतं. सीट, पेडल, सुकाणू वेगळं. प्लास्टिकची साधी दहा फुटी बोट २५ ते ३० किलोच्या घरात असते, सीट-बीट असलेली बारा फुटी ३५ ते ४५, आणि पेडलवाली सगळं धरून ५० च्या पुढेही जाते. दुकानात दोघांनी मिळून उचलू नका. एकट्याने उचला, गाडीच्या टपाच्या उंचीपर्यंत न्या, आणि मनात धरा की ती ओली आहे आणि तुम्ही दमलेले आहात.

एकट्याने टपावर चढवायची युक्ती अशी: गाडीमागे जुनी चटई टाका, बोटीचं मागचं टोक त्यावर टेकवा, पुढचं टोक उचलून टपावरच्या मागच्या दांडीवर ठेवा, आणि मग मागे जाऊन ढकला. अशाने एका वेळी निम्मंच वजन हातावर येतं. तरीही न जमणारी बोट असेल तर ट्रेलरचा खर्च बजेटमध्ये आत्ताच धरा, नाहीतर ती बोट सोडा. काठापर्यंत ओढायची दोन चाकांची गाडी स्वस्त असते आणि पाठ वाचवते. वाळूसाठी मात्र फुगीर, जाड चाकंच हवीत, बारीक चाकं रुततात.

टपावर बोट पालथी बांधा आणि पट्टा गच्च पण बेताने आवळा. उन्हात प्लास्टिक मऊ होतं, आणि करकचून बांधलेला पट्टा दोन तासांत तळाला खळगा पाडतो. खळगा बहुतेक वेळा ऊन दाखवल्यावर परत येतो, सगळा येईलच असं नाही.

घरी ठेवायची जागाही मोजा. गच्चीवर नेणार असाल तर जिन्याचं वळण मोजा. बारा फुटी बोट वळणावर अडकल्यावर शेजारी मदतीला येतात आणि सल्लेही देतात.

जागाच नसेल तर हवा भरायची कयाक आहे, आणि तिला हसायचं कारण नाही. चांगल्या जातीच्या बोटीत तळाचे दोन थर हजारो दोऱ्यांनी आतून एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे ८-१० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) किंवा त्याहून जास्त दाबाने भरल्यावर तळ फळीसारखा कडक होतो. स्वस्तातल्या, खेळण्यासारख्या फुग्यांना हे जमत नाही. त्या मधोमध वाकतात आणि माणूस खड्ड्यात बसल्यासारखा बसतो. भीती गळाची वाटते, पण जास्त धोका काठावरच्या कालवांच्या धारदार कवचांचा आणि काटेरी परांच्या माशांचा. उन्हात पूर्ण भरून ठेवू नका, आतली हवा तापून दाब वाढतो. घडी घालण्याआधी वाळवली नाहीत तर बुरशी धरते. आणि हलकी असल्यामुळे वारा तिला पाचोळ्यासारखी नेतो, म्हणून मोठ्या उघड्या पाण्यासाठी ती नको.

तिसरं काम: स्वतःला मोजा

कयाक हा शब्द इनुइट लोकांच्या ‘कायाक’वरून आला. आर्क्टिकच्या किनाऱ्यावर वाहत आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून शिकारी ती बनवत, आणि मापं घेत ती स्वतःच्या अंगाची. लांबी पसरलेल्या हातांच्या तिप्पट, म्हणजे आपल्या भाषेत तीन वाव, आणि बसायच्या जागेची रुंदी कंबरेएवढी अधिक दोन मुठी. आपण तयार बोट घेतो, तेव्हा अंग विसरून जाहिरात बघतो.

आधी वजन. समजा तुम्ही ८० किलोचे. कपडे आणि तरंगतं ठेवणारं जॅकेट (लाइफ जॅकेट) ३, रॉड आणि गळाची पेटी ६, पिण्याचं पाणी आणि डबा ४, नांगर-दोर ३, बॅटरी आणि फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) ४. झाले बरोबर १००. बोटीवर ‘क्षमता १३० किलो’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या आकड्याला बोट तरंगते एवढंच, नीट चालत नाही. छापील क्षमतेच्या ६५ ते ७० टक्क्यांत तुमचा सगळा भार बसायला हवा. १०० भागिले ०.६५ म्हणजे १५४. तेव्हा दीडशेच्या आसपास किंवा पुढची बोट बघा. सीट आणि पेडलचं वजन त्या आकड्यात धरलंय की नाही, हेही विक्रेत्याला विचारा. भार जास्त झाल्याची खूण सोपी आहे: डेकवरच्या निचऱ्याच्या भोकांतून पाणी बाहेर जायच्या ऐवजी वर येऊन पार्श्वभाग भिजवतं.

मग गुडघे आणि कंबर. जमिनीवर पाय पसरून तासभर बसता येत नसेल तर उंच, चौकटीची, खुर्चीसारखी सीट घ्या. तिचा तोटा एवढाच की बसल्या जागी उंची चार-सहा इंच वाढली की तोल कमी होतो, म्हणून बोट रुंद लागते, म्हणजे जड होते. कयाकमध्ये एक गोष्ट वाढवली की दुसरी मुकाट्याने कमी होते, आणि दुकानदार सांगतो ती वाढलेली.

आता बोट

आत बसायची की वर बसायची? मासेमारीसाठी दहातल्या नऊ जणांना वर बसायची बरी. तिचा सांगाडा बंद डब्यासारखा असतो, त्यामुळे उलटली तरी आत पाणी शिरत नाही. सरळ करून पुन्हा चढता येतं. आत बसायची बोट हलकी असते, वाऱ्याला कमी अडते, थंडीत पाय कोरडे ठेवते. पण उलटली की पाण्याने भरते, आणि भरलेली बोट खोल पाण्यात एकट्याने रिकामी करणं सरावाशिवाय होत नाही. थंड प्रदेशातली छोटी तळी, काठाकाठाने फिरणं, यासाठी ती ठीक.

लांबीबद्दल एक हिशोब उपयोगी पडतो. पाणी कापत जाणाऱ्या कुठल्याही बोटीला तिच्या लांबीमुळे वेगाची एक मर्यादा असते: पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. नऊ फुटांना ४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेसात किलोमीटर. बारा फुटांना ४.६, म्हणजे साडेआठ. तुम्ही त्या मर्यादेने वल्हवणार नाहीच. पण मर्यादा जितकी वर, तितकं चार-पाचच्या वेगाने जाताना अंगाला कमी लागतं, आणि लांब बोट सरळही जाते. दिवसाला दीड-दोन किलोमीटरच जायचं असेल तर हा फायदा जाणवत नाही. सात-आठ किलोमीटर असेल तर खांद्यांना जाणवतो.

रुंदी ३० इंचांच्या आसपास असेल तर बोट चपळ असते, पण उभं राहता येत नाही. उभं राहून गळ टाकायचा असेल तर ३३ ते ३६ इंच लागतात. उभं राहणं खरंच हवंय का, हे स्वतःला विचारा. उथळ, स्वच्छ पाण्यात मासा बघून टाकायचा असेल तर हो. बाकी ठिकाणी पहिल्या महिन्यानंतर बहुतेक जण बसूनच मासे धरतात, आणि जास्तीच्या चार इंचांचं वजन मात्र दर वेळी उचलतात.

तळाचा आकार दुकानात कोणी बघत नाही. बोट पालथी करायला लावा. सपाट तळ ताटासारखा असतो: शांत पाण्यावर भक्कम, पण लाट तिरकी झाली की ताटही तिच्याबरोबर तिरकं होतं. गोलसर किंवा मधे धार असलेला तळ पहिल्या दहा मिनिटांत डुगडुगतो आणि नवा माणूस घाबरतो, मात्र एका अंशापुढे कलंडल्यावर तो टेकू देतो आणि लाटांत जास्त विश्वासाचा ठरतो. दोन बाजूंना दोन फुगवटे आणि मधे पन्हळ असलेला तळ उभं राहायला उत्तम, चालीला जड. तळ्यासाठी पहिला किंवा तिसरा, लाटांसाठी दुसरा.

बहुतेक बोटी पॉलिथिलीनच्या. साच्यात प्लास्टिकची भुकटी घालून साचा भट्टीत फिरवतात, भुकटी वितळून भिंतीला चिकटते. सांधा नसतो, दगडावर आपटली तरी सहसा फुटत नाही, खरचटते. जड असते आणि वर्षानुवर्षं उन्हात ठेवली तर कडक होते, एवढंच. सावली किंवा ताडपत्री द्या.

रंग? भडक. पिवळा, नारिंगी. माशांना तुमच्या बोटीचा रंग पटला की नाही यापेक्षा मागून येणाऱ्या मोटरबोटीच्या चालकाला ती दिसली की नाही हे महत्त्वाचं. कप ठेवायची खाच, रॉडचे आठ होल्डर, मोजपट्टी, यांच्याकडे बघून बोट निवडू नका. हे सगळं नंतर लावता येतं.

वल्हं, पेडल की मोटर

वल्ह्याची बोट स्वस्त, हलकी, आणि तिच्यात बिघडायला काही नसतं. अडचण अशी की मासा गळाला लागतो तेव्हा दोन्ही हात रॉडवर असतात आणि वारा बोट घेऊन जातो.

पेडल ही अडचण सोडवतं. १९९७ मध्ये होबी कंपनीने मिराजड्राइव्ह आणली, त्यात बोटीखाली दोन पंख पेंग्विनच्या परांसारखे डावी-उजवीकडे हलतात. दुसरा प्रकार सायकलसारखा पाय फिरवून पंखा चालवायचा. पंख तळाला चिकटवून उथळ पाण्यातून सरकता येतं; पंख्याला खोली लागते, साधारण दीड फूट तरी धरा, पण उलटे पाय फिरवले की तो लगेच बोट मागे घेतो. मासा बुंध्यांत शिरू पाहत असताना याची किंमत कळते. वेली दोघांनाही नडतात, पंख्याला जास्त. मोठ्या खोल पाण्यावर जाणारा, पैसे आणि ट्रेलर दोन्ही असलेला माणूस असेल तर पेडल घ्यावं. शेवाळाच्या तळ्यावर जाणाऱ्याने घेऊ नये, कितीही मोह झाला तरी. पेडल असलं तरी वल्हं सोबत हवंच.

मोटरचं थोडक्यात: ढोबळमानाने एका पौंडाच्या जोराला पूर्ण वेगात एक अँपिअर लागतो. ३० पौंडांची १२ व्होल्टची मोटर ५० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर पूर्ण वेगात दीड तास चालेल, हळू चालवली तर बरीच जास्त. बॅटरी संपेल तेव्हा वल्हवत येता येईल तितकंच लांब जा.

खिशाचं गणित

हातातल्या रकमेचे शंभर भाग करा. बोटीवर सत्तरपेक्षा जास्त घालवू नका. उरलेल्या तिसात जॅकेट, वल्हं, वाहतुकीचं सामान, पाण्यापासून जपणारी पिशवी, शिट्टी, दिवा, नांगर हे सगळं बसवायचं आहे. शंभरच्या शंभर बोटीत घालून जॅकेट ‘नंतर बघू’ म्हणणारे मी पाहिलेत.

जॅकेट पहिलं. सरावाच्या पोहणाऱ्यासाठी, काठाजवळ, कमीत कमी ५० न्यूटनचं (न्यूटन हे उचलीचं माप). पोहता येत नसेल किंवा लांब जाणार असाल तर जास्त उचल देणारं. उंच पाठीच्या सीटवर बसणार असाल तर पाठीला खाली जाळी आणि वर फोम असलेलं घ्या, नाहीतर फोम सीटला अडून तुम्हाला पुढे ढकलतो, आणि दुसऱ्या तासाला जॅकेट निघून मागे पडतं. १५ अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिला धोका बुडण्याआधी श्वासाचा असतो: धक्क्याने माणूस तोंड उघडून श्वास ओढतो. तिथे कपडे हवेप्रमाणे नाही, पाण्याप्रमाणे घालायचे.

वल्हं दुसरं. अॅल्युमिनिअमच्या दांड्याचं आणि फायबरग्लासचं यांत तीनेकशे ग्रॅमचा फरक असतो. क्षुल्लक वाटतो. मिनिटाला चाळीस वेळा वल्हं मारलंत तर तासाला २,४०० वेळा, म्हणजे तासाभरात ७२० किलो जास्तीचे उचललेत. रुंद बोट आणि उंच सीट असेल तर लांबी २४० ते २६० सेंटिमीटर हवी. आखूड वल्ह्याने बोटीच्या कडेवर बोटं आपटत राहतात.

खिसा अगदी तंग असेल तर नवी स्वस्त बोट घेण्यापेक्षा चांगली जुनी घ्या. मध्यम असेल तर नवी, साधी, वल्ह्याची, चांगल्या सीटची. सैल असेल तर पेडल, पण भाड्याच्या पेडलवर दोनदा जाऊन आल्यावर.

जुनी घेताना

दिवसा जा, बोट धुऊन ठेवायला सांगा. पालथी करा. ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा. नखात अडकेल इतका खोल असेल तरच थांबा. मागच्या टोकाला हात फिरवा. बोट नेहमी पुढून उचलून ओढतात, त्यामुळे झीज मागे होते. तिथे अंगठ्याने दाबल्यावर प्लास्टिक पापडासारखं आत जात असेल तर निघून या.

मग निचऱ्याची भोकं. हीच खरी नाजूक जागा, कारण डेक आणि तळ तिथे जोडलेले असतात, आणि खाली चुकीचं चाक लावून ओढलं की सगळा भार त्या नळीवर येतो. झाकण उघडा, फोनचा दिवा लावून आत सोडा, बोटीवर चादर टाका आणि बाहेरून प्रत्येक भोकात डोकावा. केसाएवढी उजेडाची रेघ दिसली की ती चीर. मी एकदा अशी रेघ विक्रेत्याला दाखवली, तर तो म्हणाला, “साहेब, ते डिझाइन आहे.” साध्या पॉलिथिलीनची चीर त्याच प्लास्टिकच्या कांडीने वितळवून जोडता येते, पण क्रॉसलिंक्ड प्रकारचं पॉलिथिलीन वितळून जुळतच नाही, म्हणून प्रकार विचारा. गोंद आणि सिलिकॉन दोन्हीवर टिकत नाहीत.

आत हात घालून ओल आहे का पाहा. स्क्रूचे पितळी नट फिरत नाहीत ना, सीटच्या शिवणी उन्हाने कुजल्यात का, सुकाणूची दोरी कुरतडली आहे का, हे बघा. पेडल असेल तर काढून हातात धरा आणि हलवा. खडखडाट म्हणजे खर्च. शेवटी अर्धा तास पाण्यावर न्या आणि परत आल्यावर बूच काढून बोट कलती करा. चमचाभर पाणी चालेल, तांब्याभर नाही.

पाण्यात बसून बघा

नवी असो की जुनी, पाण्यात न बसता घेऊ नका. कंबरभर पाण्यात, जॅकेट घालून. बसा, डावी-उजवीकडे कलून बघा, मागच्या पेटीपर्यंत हात पोचतो का पाहा. वीस मिनिटं नुसतं बसून राहा. सीटचं खरं रूप पंधराव्या मिनिटानंतर कळतं.

मग मुद्दाम पडा. बोट उलटी करा, पलीकडची कड धरून सरळ करा. बाजूने धरा, पाय मागे पसरून पोहल्यासारखे मारा, पोटावर डेकवर चढा, मग कुशीवर वळून सीटवर बसा, पाय शेवटी आत. हा क्रम चार वेळा जमला पाहिजे. ज्या बोटीवर तुम्हाला पाण्यातून चढता येत नाही, ती दुसऱ्या कुणासाठी कितीही चांगली असली तरी तुमची नव्हे.

बोट घरी आली की ड्रिल मशीन कपाटातच राहू द्या. पहिल्या पाच-सहा फेऱ्या एक रॉड, एक पेटी, बस्स. मासा लागल्यावर वल्हं कुठे ठेवावंसं वाटतं, पक्कड शोधायला हात कुठे जातो, मागच्या रॉडला गळ टाकताना हात अडतो का, हे बघत राहा आणि त्या त्या जागी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. सहाव्या फेरीनंतर जे तुकडे पुसून निघाले नाहीत आणि जागचे हललेही नाहीत, तिथे भोक पाडा.